जयवंता आत्याची मुलं

रोज सकाळी पाण्याला जाताना जयवंता आत्या सरळ वाटेने जात नसे. भावाच्या अंगणातून नदी अगदी हाकेच्या अंतरावर होती. पण ती घागर कमरेवर घेऊन आधी वर चढे, वाडीच्या एकतीस घरांना वळसा घाली आणि मग पाण्यावर उतरे. वाटेत कुणाशी फार बोलत नसे. तिचं लक्ष कुंपणांवर असे. कुणाच्या कुंपणावर बाळोती वाळत घातली आहेत, ती आजची आहेत की कालचीच राहिली आहेत, हे ती चालता चालता बघे. ज्या घरात तान्हं मूल आहे आणि कुंपण मात्र रिकामं आहे, तिथे ती घागर दाराशी टेकवून आत जाई.

"काय गं, आज धुणं नाय?"

बहुतेक वेळा बाळोती मागच्या बाजूला वाळत असत, नाहीतर बाईला उठायला उशीर झालेला असे. पण एखादे दिवशी बाई उत्तर देत नसे. त्या दिवशी आत्याच्या घागरीत दुपारपर्यंत पाणी पडत नसे.

कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना, डोंगर सुरू व्हायच्या आधी ही वाडी लागते. वर लेणी, त्याहून वर घाटातली आगगाडी, खाली उल्हास नदीचं अजून लहान असलेलं पात्र आणि त्याच्या काठाने भातखाचरं. आत्या इथलीच. तिचं लग्न झालं ते खालापूरकडच्या लोधिवलीला. तिथे तिला दोन मुलं झाली. एकोणीसशे अठराच्या साली मानमोडीचा ताप आला. त्याने एका आठवड्यात तिचा नवरा नेला आणि दोन्ही मुलं नेली. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ मालोजी तिला आणायला गेला. परत येताना दोघं चौकपासून चालत आली. मालोजी पुढे सांगायचा, वाटेतल्या शेतात भात उभा होता, पिकून लवला होता आणि कापायला माणूस नव्हतं. पाखरं उठवायलाही कुणी नव्हतं.

वाडीतही तेच झालं होतं. सात घरांना कुलूप होतं. मालोजीने त्या वर्षी स्वतःचं शेत कापलं, मग शेजाऱ्याचं, मग ज्याचं कुणी उरलं नव्हतं त्याचंही. पुढची पाच-सहा वर्षं खाचरं पडीक राहिली. जमीन मागायला कुणी येत नव्हतं, कारण पाण्यात उभं राहायला पायच नव्हते. माहेरी राहिलेली म्हणून जयवंता सगळ्या वाडीची आत्या झाली, आणि जुनी सुईण मानमोडीतच गेलेली, म्हणून सुईणही झाली. ते काम तिने मागून घेतलं होतं. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायला कुणी धजावलं नाही.

तिच्या हातात एक जुनी चाल आली. जिची आधीची मुलं दगावली आहेत, तिला नवं मूल झालं की ते आईने आपलं म्हणायचं नाही. सुईण ते सुपात ठेवी. आई तोंड भिंतीकडे करून म्हणे, "मला नको, तू ने." सुईण मूठभर नाचणी आईच्या पदरात घाली, सूप उचलून घराभोवती एक फेरी मारी आणि परत दारात येऊन म्हणे, "माझं पोर हाय, तुज्याकडं ठेवते. दूध पाज." तेव्हापासून ते मूल सुइणीचं. आई त्याला न्हाऊमाखू घाली, मारी, कुरवाळी, पण 'माझं' म्हणत नसे. पाचवं वर्ष सरलं, देवी टोचून झाली, दोन पावसाळे मूल तापाविना राहिलं की आई मूठभर नाचणी आत्याला परत देई आणि मूल विकत घेई. त्या दिवशी गूळ वाटत.

सुरुवातीला सुपातली मुलं कमी आणि त्यातली राहणारी त्याहून कमी. हळूहळू ते बदललं. देवी टोचणारा दर वर्षी येऊ लागला. पोस्टात हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या मिळू लागल्या. कर्जतच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईने आत्याला एकदा झापलं होतं, की नाळ कापायची पात आधी उकळत्या पाण्यात घाल. आत्याला राग आला, पण ती पात उकळू लागली. मुलं राहू लागली. वाडी म्हणे, आत्याच्या सुपाला गुण आहे. आत्या रोज सकाळी वळसा घालून पाण्याला जाई.

मुलं राहू लागली तशी एकेका घरात चार-चार, पाच-पाच तोंडं झाली. पडीक खाचरं भरली, मग बांध खोदून खाचरं रुंद झाली, मग बांधावरून भांडणं झाली. मालोजीला स्वतःला तीन मुलगे होते आणि चार एकर भात.

"बाय," तो एकदा जेवताना म्हणाला, "तुज्या हाताला येश आलं, पण माजा बांध काय लांब झाला नाय."

"मग मी काय करू? परत धाडू का तुजं धाकटं?"

"तसं नाय गं. मी आपलं बोलतोय. चार एकराचं तीन झाल्यावर एकेकाच्या वाट्याला काय, भाताचं पेंढं?"

"एक खोपोलीला जाईल. एक मुंबैला जाईल. तवा माणूस नव्हतं म्हणून रडत हुतास, आता हाय म्हणून रडतोस."

मालोजीची बायको सोनाबाई पदरात हसली. मालोजीने आमटी मागितली.

*

त्रेचाळीस साली लढाई चालू होती आणि सरकारने भातावर लेव्ही बसवली. वाडीला ती अशी कळली: घरात खाणारी माणसं मोजायची, माणशी ठरलेला भात घरात ठेवायचा, लहान मुलाला मोठ्याच्या निम्मा, आणि उरलेला सरकारला घालायचा. मार्गशीर्षात झोडणी संपली तेव्हा कारकून आला. तरुण होता, पेणकडचा. छत्री काखेत, वही छातीशी. वाडीचे पोलीस पाटील भिवाजी त्याच्याबरोबर घरोघर फिरले.

चौथ्या घरापाशी हिरू बसली होती. हिरूचा नवरा सहदेव खोपोलीला मजुरीवर जायचा आणि आठवड्याने यायचा. हिरूची चार मुलं गेली होती. पाचवी जिजा, अडीच वर्षांची, तिच्या मांडीवर बसून कारकुनाच्या छत्रीकडे बघत होती. हिरूला पुन्हा पाचवा महिना होता.

"खाणारी माणसं किती?"

"तिगं. मी, ह्ये आन् सासू."

"आणि ही?"

हिरूने जिजाला पदराआड घेतलं. "ही माजी नाय."

"मग कुणाची?"

"आत्याची."

कारकुनाने तीन लिहिलं. पुढच्या घरात दोन मुलं आत्याची निघाली. त्याच्या पुढच्या घरात एक. भिवाजी पाटलांना यात काहीच वावगं वाटलं नाही, कारण ते जन्मापासून हेच ऐकत आले होते. मुलं आत्याची, म्हणजे आत्याच्या घरी लिहिली जातील, असा त्यांनी मनाशी हिशोब केला आणि विडी पेटवली.

मालोजीच्या ओटीवर आत्या भात पाखडत होती. मालोजीने घरातली सहा माणसं सांगितली. कारकून तिच्याकडे वळला.

"आणि बाई, तुम्हाला मुलं?"

पंचवीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. सूप तिच्या हातात थांबलं.

"दोन हुती," ती म्हणाली. "लोधिवलीला. आता नायत."

कारकून खाली बघत म्हणाला, "बरं बरं." त्याला वाईट वाटलं असावं. पुढे काही न विचारता त्याने वही मिटली. मघापासून ऐकत आलेली आत्याची मुलं म्हणजे या लोकांची काही बोलायची रीत असेल, असं समजून तो चहा पिऊन गेला.

आठ दिवसांनी मारुतीच्या देवळात यादी वाचली. घराघराला ठेवायचा भात भिवाजी मोठ्याने सांगू लागले, तशी बायकांत कुजबुज झाली. मग पुरुषांत. एकोणीस मुलं कुठल्याच घरात नव्हती. साडेनऊ मोठ्या माणसांचा वर्षाचा भात वाडीबाहेर जाणार होता.

"आरं, पण आत्याच्या नावावर असतील की," भिवाजी कागद उलटून बघत म्हणाले.

"आत्याच्या नावाम्होरं काय हाय?"

"मालोजीच्या घरी सा. बस."

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती. कुणी रागावलं नाही, हे तिला जास्त लागलं. आषाढ-श्रावणात भाताच्या कणग्या तळाला जातात, तेव्हा घरात पहिलं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मोठी माणसं अर्धपोटी राहतात, आईचं दूध आटतं, आणि मग कुंपण रिकामं होतं.

घरी येताना सोनाबाई म्हणाली, "वन्सं, एका दिसात एकोणीस लेकरं गमावलीत."

"गमावली नायत," आत्या म्हणाली. "लिवून घेते."

*

तिचा बेत साधा होता. मुलं तिची, तर तिच्याच नावावर लिहायची. त्यांचा भात मालोजीच्या घरी ठेवायचा आणि ज्याचा त्याला द्यायचा. मालोजीने ऐकून घेतलं आणि हातातली दोरी खाली ठेवली.

"बाय, त्यातले मुलगे किती?"

"अकरा."

"सरकारच्या वहीत माज्या घरात अकरा पोरं लिवायची?"

"माज्या नावावर. तुज्या न्हवं."

"घर माजं हाय ना? उद्या ती मोठी हुतील. वहीत बगतील. म्हणतील, आमी ह्या घरचं. माजं तीन आन् ती अकरा. चार एकराचं चौदा वाटं." तो हसायला लागला, पण त्याला भीती वाटत होती. "एकेकाला निजायपुरतं खाचर मिळंल."

"तुजं डोकं उन्हानं तापलंय, मालू."

"कागदावर आलेलं जात नसतं, बाय."

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच भिवाजी पाटलांना घेऊन ती कर्जतला चालत गेली. कचेरीत दुपारपर्यंत बसावं लागलं. आतल्या अधिकाऱ्यांचे केस पांढरे होते. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं, फक्त मध्ये एकदा चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तुम्ही विधवा, आणि तुम्हाला पाच वर्षांखालची एकोणीस मुलं आहेत."

"व्हय रावसाहेब."

शेजारचा लिहिणारा खाली मान घालून हसला. आत्या त्याच्याकडे बघून म्हणाली, "हस रं बाबा. तुला कुणी सुपात घातलं नसंल."

अधिकाऱ्यांनी कपाटातून दुसरा एक कागद काढायला लावला. तो एकेचाळीसच्या खानेसुमारीचा होता. त्यांनी वाडीच्या नावावर बोट ठेवलं.

"यातही ती नाहीत. तेव्हा जी तान्ही होती तीसुद्धा नाहीत. तरी बघा, वीस वर्षांत तुमची वाडी दीडपट झाली आहे. तुमच्या मुलांना धरलं तर त्याहून जास्त. जमीन किती वाढली?"

"जिमीन हाय तेवडीच हाय."

"मग पुढे कसं होणार?"

हा प्रश्न ते तिला विचारत होते की स्वतःला, ते कळत नव्हतं. आत्याने थोडा विचार केला.

"मी बावीस वर्साची असताना आमच्याकडं भात हुता, खायला मानूस नव्हतं," ती म्हणाली. "त्ये मी बगितलंय. त्याच्यापरीस ह्ये बरं. म्होरचं म्होरं ती पोरं बगतील. कुटं जायाचं, काय करायचं. पण त्याला ह्यो पाऊसकाळ निघाला पायजे, रावसाहेब."

त्यांनी तो कागद मिटून ठेवला. मग म्हणाले, मूल जिथे जेवतं तिथेच लिहावं लागेल. तुमच्या नावावर लिहिता येणार नाही. सोमवारी कारकुनाला परत पाठवतो. आईने त्याच्यासमोर सांगायचं, हे माझं मूल आहे. त्या दिवशी जे सांगितलं जाईल तेच शेवटचं.

परतीच्या वाटेवर भिवाजी खुशीत होते. "काम झालं की, आत्या."

"कुटं झालं?" ती म्हणाली. "आता तर लागलं."

*

चार दिवसांत तिने अठरा मुलं परत दिली. पाचवं वर्ष लागलेल्या मुलांच्या आयांना फारसं जड गेलं नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या आया कुरकुरल्या. एकीने आधी आत्याकडून मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतला, मगच नाचणी दिली. दोघींनी गूळ वाटला नाही. म्हणाल्या, पाच वर्षं झाल्यावर वाटू. तान्ह्या मुलाची आई रडली. तिची सासू म्हणाली, "रडतीस काय, लेक मिळाला तर?" आत्याच्या ओच्यात नाचणी साठत गेली.

हिरूने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, पण उंबऱ्यातच बसून राहिली.

"मी नाय म्हननार, आत्या."

"का गं?"

"तुला म्हाईत हाय. चौघांना म्हटलं. पैल्याला तर गावभर सांगत फिरले. चौघंबी गेली. हिला नाय म्हटलं, ही हाय."

जिजा अंगणात कोंबडीच्या मागे पळत होती. तिच्या पायात काळा दोरा होता. आत्या हिरूच्या बाजूला बसली.

"भात कमी पडंल. तुज्या पोटातबी हाय."

"मी कमी खाईन."

"आषाढात दूध आटंल."

"आटू दे. ही दूध पीत नाय आता."

"आन् पोटातलं?"

हिरूने पोटावरचा पदर सारखा केला. आत्याला उठून जाता आलं असतं. वाडीत तिच्या सुपाचं नाव होतं. लोधिवलीपर्यंत बायका तिला बोलवायच्या, त्या सुपासाठीच. ते सगळं तिच्या हातात होतं आणि तिने ते खाली ठेवलं.

"हिरू, माजी दोन हुती," ती म्हणाली. "थोरला तीन वर्साचा. धाकटी सा म्हैन्यांची. त्यांना सुपात कुणी घातलं नव्हतं, पर त्यांना 'माजं' म्हनायला मला कदी टाईमच झाला नाय. घरात सासू हुती, जावा हुत्या. समद्यांची पोरं एकत्र जेवायची. पोर उचललं तर सासू म्हनायची, आईला काय एवडं कवतिक. मी मोठ्यानं एकदाबी म्हटलं नाय. तरीबी गेली."

हिरू तिच्याकडे बघत राहिली.

"सुपात काय नाय गं. मी पात उकळून घेते, आन् रोज सकाळी येऊन बगते. एवडंच हाय. कोयनेल दिलं तवा पोर उठलं, सूप घरी खुटीला हुतं."

"मग इतकी वर्सं का घातलंस सुपात?"

"तुमास्नी धीर यायचा," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मलाबी यायचा. कुणी इचारलं, कोन हाय तुला, तर मनात म्हनायचे, एकोणीस."

जिजाने कोंबडी पकडली आणि ती दाखवायला घेऊन आली. हिरूने तिच्या हातून कोंबडी सोडवली. आत्या उठली आणि निघाली. नाचणी मागायची तिला आठवण राहिली नाही.

*

सोमवारी कारकून देवळात बसला. एकेक घर येऊन सांगू लागलं. या वेळी त्याने प्रत्येक मुलाचं नाव विचारलं. बायका आधी खाली बघून बोलत होत्या, मग पाच-सहा नावं झाल्यावर एक जण मोठ्याने बोलली, आणि तिच्यानंतरच्या सगळ्याच मोठ्याने बोलल्या. भिवाजी पाटील मध्येच म्हणाले, "हळू गं, साहेब भैरा नाय." बायका हसल्या.

सहदेवचं नाव पुकारलं. तो खोपोलीला होता. हिरू मागे भिंतीशी जिजाला घेऊन बसली होती. उठली नाही.

"खाणारी माणसं?"

कारकुनाने पुन्हा विचारलं. आत्या खांबापासून पुढे आली.

"तिला बोलवू नका, भाऊसाहेब. लिवा. जिजा. माजी हाय."

"बाई, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, तुम्हाला मुलं नाहीत. आणि साहेबांनी काय सांगितलंय, तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय. ही एकच लिवा. माज्या ताटात जेवंल."

मालोजी दारात उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले. त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून झटकलं, पुन्हा घातलं आणि म्हणाला, "लिवा की. सातवं ताट मांडू." मग जरा थांबून त्याने विचारलं, "वहीत शाई पक्की असती का?"

कारकुनाने टाक दौतीत बुडवला. तेवढ्यात हिरू उठली. जिजा तिच्या कडेवर होती आणि झोपाळली होती. हिरू बायकांच्या मधून वाट काढत पुढे आली. तिने आत्याकडे बघितलं नाही, कारकुनाकडेही नाही. वहीकडे बघत म्हणाली, "चार लिवा. ही माजी हाय. जिजा सहदेव."

मग तिथेच खाली बसली. आत्याने जिजाला तिच्याकडून घेतलं.

त्या दिवसापासून महिनाभर आत्याचा सकाळचा वळसा हिरूच्या दारात थांबत असे. पौषात जिजाला थंडी वाजून ताप आला. हिरूने आत्याला बोलवलं, पण एक शब्दही दोष दिला नाही. नुसती तिच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्याखाली आत्या तीन दिवस बसली. कोयनेलची पुडी गुळात घालून दिली, जिजाने ती थुंकली, पुन्हा दिली. चौथ्या दिवशी दुपारी जिजाने डोळे उघडले आणि पेज मागितली. मग पेजेत मीठ कमी आहे म्हणाली. हिरू चुलीपाशी पाठमोरी होती. मग मिठाची वाटी घेऊन आली.

चैत्रात हिरूला मुलगा झाला. आत्या सूप घेऊन गेली होती, सवयीने. हिरूने अंथरुणावरूनच हात पुढे केला.

"सूप नको, आत्या. दे हिकडं."

आत्याने मूल तिच्या हातात दिलं. रिकामं सूप घेऊन घरी आली आणि त्यात भात पाखडायला बसली. सोनाबाई सांगायची, त्या संध्याकाळी वन्सं चांगल्या जेवल्या, पण कुणाशी बोलल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात वाडीतल्या कणग्या तळाला गेल्या, पण भाद्रपदापर्यंत पुरल्या. एकोणिसातली एकोणीस मुलं राहिली. पुढच्या वर्षी सतरा राहिली असतील, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही झालं असेल. ते आता कुणाला आठवत नाही. सुपात मूल घालायची चाल कुणी मोडली नाही, ती आपोआप विरत गेली. मालोजीच्या थोरल्याने शेत धरलं, मधला खोपोलीला गेला, धाकटा मुंबईला. तिघांत बांधावरून भांडण झालं नाही. मालोजी मात्र पेरणीला माणसं मिळत नाहीत म्हणून कुरकुरायचा, आणि आत्या म्हणायची, "रड बाबा, तुला रडायलाच पायजे." मारुतीच्या देवळात शाळा भरू लागली. पहिल्या वर्षी पाटी घेऊन बसलेल्या चोवीस मुलांतली सोळा आत्याच्या हाताखालून आलेली होती, आणि त्यात पाच मुली होत्या.

एकोणपन्नासच्या माघात आत्याला धाप लागू लागली. ती पाण्याला जाईनाशी झाली. घरचे शेतावर गेले की हिरू येऊन तिच्याजवळ बसायची, तिथेच मालोजीच्या चुलीवर दुपारचा भात टाकायची. एका दुपारी ती आधण ठेवून तांदूळ धूत होती. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे मिटले होते, म्हणून हिरूला वाटलं झोपली आहे.

"हिरू."

"काय, आत्या?"

"तांदूळ जरा जास्ती घाल गं. जिजा शाळेतनं हितंच येईल जेवायला."